रणनवऱ्यांची पहिली चूक

“पण ह्याला मिशी कुठाय?”

पहिला भाग सुरू होऊन जेमतेम शीर्षकगीत संपलं होतं आणि मागून आवाज आला. विट्याला छबूताई शेट्यांच्या शिवणक्लासच्या खोलीत आम्ही बसलो होतो. शिलाई मशिनं भिंतीला सरकवलेली, मधे सतरंजी, समोर शेजारच्या दुकानातून मागून आणलेला टीव्ही. पडद्यावर एक किडकिडीत पोरगा खाकी वर्दी घालून एसटीतून उतरत होता.

“अहो काकू, हे रणनवरेच आहेत,” मी म्हटलं. “तरुणपणीचे. मिशी यायचीय अजून.”

“रिटायर झाले की ते! शेवटच्या भागात हार घातला, मी रडले होते. आता परत जवान कसे झाले?”

“ही त्याच्या आधीची गोष्ट आहे. त्यांच्या पहिल्या नेमणुकीची.”

“आधीची गोष्ट मग आधीच सांगायची नाही का? जेवून हात धुतल्यावर कुणी मीठ वाढतं?”

सगळी खोली हसली. मीही हसले. हसायला नको होतं. आमच्या कामात तोंड दगडासारखं ठेवायचं असतं, पण काकू माझ्याच मनातलं बोलल्या होत्या.

आमचं काम म्हणजे प्रेक्षकांची मतं गोळा करणं. चॅनेलवाल्यांनी मालिका केली, की ती लावण्याआधी आम्ही एकेका गावात जायचो, लोक जमवायचे, दोन भाग दाखवायचे आणि मग विचारायचं, काय वाटलं? जाताना प्रत्येकाला स्टीलचा एक डबा. लोक डब्यासाठी यायचे आणि मत देऊन जायचे. मिरजेची मी, पुण्यात ह्या धंद्यात पडले आणि गावोगाव हिंडून माझी जीभ चांगलीच तिखट झाली होती. लोकांना बोलतं करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं ऑफिसात म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं.

ह्या वेळचं प्रकरण जरा नाजूक होतं. ‘फौजदार रणनवरे’ ही मालिका आमच्या शाळकरी वयात घराघरात बघितली जायची. भरघोस मिशा, तोंडात शब्द मोजून, आणि चोर कधी चुकायचा नाही. आमचे आई-वडील एरवी मीठ कमी पडलं तरी भांडायचे, पण रणनवरे लागले की दोघं एका सतरंजीवर गप्प बसायची. घरात तेवढाच वेळ शांतता असायची. तेव्हा रणनवऱ्यांना कुणी हात लावलेला मला खपणार नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते.

आणि आता एका अमोघ नावाच्या नवख्या लेखकानं त्यांच्या तरुणपणाची मालिका लिहिली होती. पहिले दोन भाग तयार होते, पुढचे नुसते कागदावर. चार गावांत लोकांना विचारून झालं होतं. निम्मे हो म्हणाले, निम्मे नाही. विट्याचं मत ज्या बाजूला पडेल तसं होणार, असं चॅनेलच्या निशिकांतनं मला स्पष्ट सांगितलं होतं. विट्यानं नाही म्हटलं तर मालिका कपाटात.

हे त्या अमोघलाही कळलं असावं. सकाळी मी एसटीत असतानाच त्याचा फोन आला. असा फोन करायचा नसतो. पण केला बिचाऱ्यानं.

“मॅडम, एकच विनंती. दुसऱ्या भागाचा शेवट मधेच बंद करू नका. दारापाशी तो उभा राहतो ना, ते पूर्ण बघू द्या लोकांना.”

“दोन्ही भाग पूर्णच दाखवतो आम्ही.”

“तसं नाही हो. लोक चहाला उठतात त्या वेळी. आणि मॅडम, तुम्ही बघितलेत का? तुम्हाला काय वाटलं?”

“मला काही वाटायचं नसतं,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

वाटलं तर मला बरंच होतं. मी दोन्ही भाग पाहिले होते आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. कारण ह्या शहाण्यानं काय केलं होतं, तर रणनवऱ्यांना चुकवलं होतं. नवा फौजदार गावात येतो, पेढीतून दागिने चोरीला जातात, आणि हा पहिल्याच दणक्यात एका हमालाला धरतो. चार लोक बोट दाखवतात म्हणून. हमालाला मार बसतो, काम जातं, बायको पोरं घेऊन निघून जाते. मग खरा चोर सापडतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी रणनवरे त्या हमालाच्या दारात जातात, कडीला हात लावतात, आणि तिथंच भाग संपतो. आमचे रणनवरे! ज्यांचा चोर कधी चुकला नाही ते!

तर विट्याच्या त्या खोलीत दुसरा भाग चालू होता. लोकांची मतं काही थांबत नव्हती. एक जण म्हणाला, रणनवरेसाहेब चहा बशीत ओतून प्यायचे, हा कपाने पितोय. दुसरी म्हणाली, त्या काळात असल्या नळ्या नव्हत्या ट्यूबलाइटच्या. एका पोरीला पडद्यावरचा पोरगा आवडला होता, पण तिच्या सासूनं तिच्याकडं असं बघितलं की तिनं लगेच मान खाली घातली. आमच्यात खुर्ची एकच होती. तिच्यावर बाबर सर बसले होते. निवृत्त मुख्याध्यापक, पांढरी टोपी, गुडघ्यांवर दोन्ही हात. खोलीतले अर्धे लोक त्यांच्या हातची छडी खाऊन मोठे झालेले. सर काही बोलत नव्हते. फक्त हमालाला मारतात त्या ठिकाणी त्यांनी “छे” म्हटलं, तर सगळी खोली सरळ बसली.

आणि दाराजवळ, ओव्हरलॉकच्या मशिनला पाठ लावून एक बाई बसली होती. पन्नाशीची, हिरवं लुगडं, पदर डोक्यावरून घट्ट. तिनं सुरुवातीपासून एक शब्द उच्चारला नव्हता. नाव सोजराबाई, एवढं छबूताईंनी यादी वाचताना कळलं होतं. शेवट आला, रणनवरे दारात उभे राहिले, तशी ती पुढं सरकली. कडीला हात गेला आणि पडदा काळा झाला. चहाला कुणी उठलं नाही हे खरं.

आता तुम्हाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या गावांत भीड फार. खोलीत एक मास्तर असेल, एक सरपंच असेल, तर बाकीचे त्याच्या तोंडाकडं बघत बसतात. तो बोलला की झालं, मग सगळे त्याचीच री ओढतात. कुणी वेगळं बोलत नाही. सरांच्या शब्दापुढं कसं जायचं? म्हणून आमचा पहिला नियम असा, की सुरुवात कोपऱ्यातल्या गप्प माणसापासून करायची आणि मास्तराला अगदी शेवटी विचारायचं. नव्या पोरापोरींना हे मीच शिकवायचे. न चुकता शिकवायचे.

त्या दिवशीही मी नियमाप्रमाणे दाराकडंच वळले होते.

“सोजराबाई, तुम्ही सांगा. कसं वाटलं?”

ती दचकली. पदर सावरला. दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबले आणि बोलायला तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मला नीट दिसलं. आवडलंय हिला, माझ्या मनात आलं. हिनं आता रडत रडत सांगितलं, की सगळ्या बाया पाघळणार. खोली फिरणार. आणि मग हे पोरकट काम घरोघर लागणार, आणि लोक म्हणणार, रणनवरे पण चुकायचे बरं का.

“एक मिनिट हं, सोजराबाई,” मी म्हणाले. “आधी सरांचं ऐकू या. वडीलधारे आहेत. सर, तुम्ही बोला.”

किती सभ्य वाक्य! कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. उलट छबूताईंनी समाधानानं मान हलवली. सोजराबाईनं तोंड मिटलं आणि ती परत मशिनला टेकली.

बाबर सरांनी घसा खाकरला.

“मी स्पष्ट बोलतो. ज्या माणसाकडं बघून आमच्या शाळेतली पोरं पोलिसात भरती झाली, त्या माणसाला तुम्ही चुकलेला दाखवता? आदर्श म्हणून काही ठेवायचं का नाही? आणि चुकला तर चुकला, वर त्या हमालाच्या दारात जाऊन उभा राहतो. फौजदार! वर्दीची काही किंमत? माझं मत विचाराल तर ही मालिका लावू नये.”

“बरोबर आहे सरांचं,” मिशीवाल्या काकू म्हणाल्या.

“सर म्हणतात तेच,” बशीतल्या चहाचं बोलणारा म्हणाला.

“आमचं बी तेच.”

“सरांनी सांगितलंच आहे की.”

जिला पोरगा आवडला होता ती पोरगीही म्हणाली, “नको लावायला.” मी एकेकाला विचारत गेले आणि एकेक जण सरांकडं बघून तेच बोलत गेला. सोजराबाईची पाळी आली तेव्हा ती खाली बघत म्हणाली, “मी काय येगळं सांगू? सर शिकलेलं हाईत.”

झालं. एकमत.

लोक डबे घेऊन उठायच्या आधीच मी बाल्कनीत जाऊन निशिकांतला फोन लावला.

“विट्यानं सरळ नको म्हटलंय. एकही हो नाही.”

“एकही नाही? वा! चला, सुंठेवाचून खोकला गेला. मी आत्ताच वर कळवतो, बंद करू. तुमचा रिपोर्ट सावकाश येऊ दे.”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? एखाद्यानं आपल्या घरातल्या माणसाबद्दल वाकडं बोलावं आणि आपण त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावं, तसं वाटलं.

सामान आवरून मी जिना उतरले. छबूताईंचा मुलगा गाडी काढून मला स्टँडवर सोडणार होता, म्हणून मी खाली पायरीशी उभी होते. तर जिन्याच्या कडेला सोजराबाई. डबा पदराखाली धरलेला. बाकीच्या बाया गेल्या तरी ही थांबलेली.

“बाई, एक इचारू का?”

“विचारा की.”

“फुडं काय झालं वो? त्यो दारात गेला. कडीला हात लावला आन् तितंच थांबलं बगा.”

“पुढचं अजून बनायचंय.”

“पर लिवलं असंल की कुनीतरी. काय बोलतो त्यो? आत गेल्यावर पैला सबूद काय बोलतो?”

मी हसत म्हणाले, “एवढं काय लागून राहिलंय तुम्हाला? मघाशी तर नको म्हणालात.”

“सरांच्या फुडं कसं बोलनार?” ती म्हणाली. तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. “तुमी परक्या हाईसा म्हणून सांगती. उद्या तुमी हितं नसनार.”

आणि ती सांगायला लागली. सपाट आवाजात, माझ्याकडं न बघता.

“माझं डोरलं गेलं हुतं. लई वर्सं झाली. घरात म्हातारी सासू सोडली तर मी आन् माझी धाकली जाऊ, बाया दोघीच. मी तिचं नाव घेतलं. भावकी जमली. तिच्या हातावर खंडोबाचा भंडारा ठिवला आन् म्हणलं, पोराच्या डोस्क्यावर हात ठिऊन बोल. तिनं ठिवला. न्हाई घेतलं म्हणली. तरी कुनी मानलं न्हाई. मी मानलं न्हाई म्हणून कुनीच मानलं न्हाई. थोरली म्हणून माझा सबूद चालायचा.”

“मग?”

“मग काय. येगळी चूल झाली, मदी भित घातली. चोरटी म्हणून नाव पडलं तिचं. कुनाच्या बारशाला बोलावनं न्हाई, कुनाच्या हळदीला न्हाई. लेकीचं लगीन ठरत नव्हतं, लांब तिकडं कर्नाटकात दिली.” तिनं डबा दुसऱ्या हातात घेतला. “फुडल्या उन्हाळ्यात मी वड्यावर वाकळा धुयाला गेले. एक उसवल्याली. तिच्यात गावलं.”

मला क्षणभर कळलंच नाही.

“काय सापडलं? गोधडीत? डोरलं?”

“व्हय. म्हातारीनं का कुनी वाकळंत ठिवून शिवलं असंल, देवाला ठावं.”

“कुणाला सांगितलंत?”

तिनं मान हलवली. “कुनालाच न्हाई. आमच्या मालकांना बी न्हाई. हितल्या सोनारानं वळकलं असतं, म्हणून आटपाडीला जाऊन मोडलं.”

“आणि जाऊ?”

“हाय की. भितीपल्याड. खोकली तरी ऐकू येतं.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो गेल्यावर तिनं पदर पुढं ओढला.

“तिच्या दारात मी किती येळा गेले, बाई. कडीपतूर हात जातो. तस्साच, त्या पोराचा गेला तस्सा. मग तोंडात सबूदच येत न्हाई. काय म्हणायचं? चुकलं म्हणायचं? चुकलं तर मीठ बी चुकतं. आज त्यो दारात गेला आन् माझ्या काळजाचं पानी झालं. म्हणलं आता कळंल. शिकल्याला माणूस, फौजदार, ह्यो काय बोलतो ते ऐकू आन् तसंच जाऊन बोलू. तर बंदच झालं.”

माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. अमोघचा नंबर सकाळचाच होता. ह्या बाईला हवा तो शब्द मिळवून द्यावा, एवढं तरी करावं. फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

“मॅडम! झालं का? काय म्हणाले लोक?” आणि मग फोन लांब धरून, “आई, गॅस बंद कर, मॅडमचा फोन आहे!”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो? मॅडम? दारापाशी थांबले का हो लोक? कुणाला विचारावंसं वाटलं का, पुढं काय म्हणून? एकानं जरी विचारलं असेल ना...”

सोजराबाई माझ्या तोंडाकडं बघत होती. एकानं विचारलं होतं, ती माझ्यासमोर उभी होती. मी तेवढं म्हटलं असतं तर तो पुढचा प्रश्न विचारणार होता. मग खोलीत काय म्हणाले, कोण आधी बोललं, कुणाला आधी विचारलं. आणि खरं म्हणजे मी त्याचा फोन ठेवून निशिकांतलाच लावायला हवा होता. थांब, एक बाई राहिली, मी तिला बोलूच दिलं नाही. एवढंच वाक्य. पण ऑफिसात माझा हात धरणारं कुणी नव्हतं ना!

“तुमचा आवाज तुटतोय,” मी म्हणाले. त्याचा आवाज खणखणीत येत होता. मी फोन बंद केला.

“काय म्हणलं?” सोजराबाईनं विचारलं.

“म्हणाले...” माझी जीभ, ही एवढी तिखट जीभ, तोंडात जड झाली. “म्हणाले, असं सांगता येत नाही. टीव्हीवरच बघा म्हणाले.”

“म्हंजी लागनार? सर नगं म्हणलं तरी?”

तिथंसुद्धा मला संधी होती. नाही लागणार बाई, ते तुम्ही विसरा, फौजदाराची वाट बघू नका, आत्ताच्या आत्ता तिच्या दारात जा आणि डोरलं वाकळेत सापडलं एवढंच सांगा. पुढचं तिचं ती बोलेल. आज मला हे सगळं न अडखळता सुचतं. स्वयंपाक करताना सुचतं, कुणाच्या लग्नात अक्षता टाकताना सुचतं. त्या पायरीवर सुचलं नाही, किंवा सुचलं आणि मी बोलले नाही. नाही लागणार म्हटलं असतं, तर तिनं का म्हणून विचारलं असतं.

“हो,” मी म्हणाले. “लागेल की. दिवाळीनंतर.”

तिचा चेहरा इतका मोकळा झाला की मला तिच्याकडं बघवेना.

“दिवाळीनंतर,” ती म्हणाली. “मग थांबती मी. नीट बगून मगच जाती. न्हाईतर आजच जावं असं मनात आलं हुतं, पर उगं काय तरी वाकडंतिकडं बोलून बसायची.”

“आजच जायचं मनात होतं?”

“व्हय. डबा तिलाच द्यावा म्हणलं, काय तरी हातात असावं. पर र्‍हाऊ दे. इतकी वर्सं सोसलंच की तिनं. आनि चार म्हैनं.”

मागं छबूताईंच्या मुलानं गाडी चालू केल्याचा आवाज आला. सोजराबाईनं डबा काखेत मारला, दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

“लई उपकार झालं बाई तुमचं,” ती म्हणाली, आणि घराकडं गेली.